‘जेवत नाहीत’ म्हणजे नेमकं काय? केमोथेरपीतलं तोंड आणि चव: कोल्हापुरातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, लक्षणं आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मावशी (वॉर्डात सगळे त्यांना मावशीच म्हणत, इथंही तेच ठेवतो) कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहतात. वय ५६. घरात मालक (म्हणजे नवरा), मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. उन्हाळ्यात मावशी कांदा-लसूण मसाला करून विकायच्या. गल्ली आणि पाहुणेरावळे मिळून बऱ्यापैकी गिऱ्हाईक होतं. मिरची किती, खोबरं किती, धणे कितपत भाजायचे हे कुठं लिहिलेलं नव्हतं. चिमूट जिभेवर ठेवायची आणि ठरवायचं. त्यामुळं या घरात तोंडाची चव जाणं ही नुसती जेवणाची गैरसोय नव्हती, तो कमाईचा आणि मानाचाही प्रश्न होता.

निदान स्तनाच्या कर्करोगाचं, दुसऱ्या टप्प्याचं. शस्त्रक्रिया झाली आणि पुढं केमो ठरली. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, दर २१ दिवसांनी एक असे चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, असे बारा. डॉक्सोरुबिसिनचा रंग लाल, म्हणून रुग्णांच्या बोलण्यात ते ‘लाल औषध’. मधुमेह जुना, गोळ्यांवर आटोक्यात.

दोन गोष्टी फाइलमध्ये नव्हत्या. एक म्हणजे खालची डावी दाढ. ती किडून तिचा तुकडा उडालेला होता आणि उरलेली कड धारदार झाली होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी दाखवली नाही, कुणी विचारलंही नाही. दुसरी मिश्री. व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. प्रश्न ‘तंबाखू खाता का?’ असा होता आणि मालक शेजारी बसलेले होते. मावशी तंबाखू खात नव्हत्याच. लग्नाआधीपासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत होत्या.

पहिल्या डोसनंतर

मळमळीची सगळ्यांनी धास्ती घेतली होती, पण ती गोळ्यांनी बरीच आवरली. आठवडा होत आला तसं तोंड आलं. गालाच्या आतून आणि जिभेच्या डाव्या कडेला लाल चट्टे, मग फोड.

यामागचं कारण साधं आहे. केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण तोंडाचं आतलं अस्तरही सतत नवं होत असतं, त्यामुळं तेही त्या माऱ्यात सापडतं. डोसनंतर साधारण पाच ते दहा दिवसांत ते पातळ होतं, सोलवटतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही साधारण त्याच सुमारास तळाला जातात. म्हणजे जखमा उघड्या पडतात नेमक्या तेव्हाच, जेव्हा जंतूंना अडवणारं कुणी जागेवर नसतं.

घरच्यांनी याला उष्णता म्हटलं. कोल्हापुरात उन्हाळा सुरू झालेला, त्यामुळं ते पटण्यासारखंही होतं. सब्जा झाला, गुलकंद झाला (मधुमेह असताना), शेजारणीनं जाईचा पाला चावायला दिला, मालकांनी तुरटीच्या गुळण्या सुचवल्या, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आल्या. एरवी तोंड आल्यावर यातलं बरंचसं चालून जातं. इथं तुरटीनं आधीच कोरडं पडलेलं तोंड आणखी ओढल्यागत झालं, आणि कच्चा पाला फोडांवर घासून चावणं म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असताना जंतूंना आवतण.

दवाखान्याच्या कार्डावर फोन नंबर होता. ‘तोंड आलंय म्हणून कुठं फोन करायचा?’ या विचारानं तो लावला गेला नाही. हा पहिला निर्णय. तो कुणी ठरवून घेतला नव्हता, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं.

दरम्यान घरातलं वातावरण बिघडत चाललं. सून दिवसातून चार वेळा वेगवेगळं करून बघायची आणि मावशी दोन घासांवर ताट सरकवायच्या. ‘वाळू खाल्ल्यागत लागतंय’, ‘तोंडात लोखंड धरल्यागत होतंय’ एवढंच म्हणायच्या. बघायला आलेल्या एका नणंदेनं जाता जाता ‘सुनेच्या हाताला चव नाही, म्हातारी जेवणार कशी’ असं ऐकवलं. मुलगा ‘आई, दोन घास खा की’ म्हणून मागं लागायचा. तो मागं लागला की मावशी तोंड फिरवायच्या, आणि सून स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक पदार्थ टाकायची.

दुसऱ्या डोसच्या तपासणीला वजन ५८ वरून ५५ किलोवर आलेलं दिसलं. ‘काय होतंय?’ या प्रश्नाला मुलानं उत्तर दिलं: ‘जेवत नाहीत.’ पुढचा प्रश्न उलटीचा होता आणि उलटी फार नव्हती. तरी मळमळीची गोळी वाढवून मिळाली. फोड तोवर बरेच सुकले होते, त्यामुळं ‘तोंड उघडा बघू’ असं कुणी म्हणालं नाही.

माझ्या मते हे प्रकरण इथंच अडकलं. ‘जेवत नाहीत’ या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. फोडांमुळं दुखत होतं म्हणून खाता येत नव्हतं, चव बदलली होती म्हणून खावंसं वाटत नव्हतं, आणि तोंड कोरडं पडल्यामुळं घास फिरत नव्हता. तिन्हींचे उपाय वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट. चव गेली असेल तर लिंबू पिळलं की बरं वाटतं, आणि फोड असताना तेच लिंबू डोळ्यांतून पाणी काढतं.

ताप आलेली रात्र

दुसऱ्या डोसनंतर फोड लवकर आले आणि घशापर्यंत गेले. घन काही गिळता येईना, नुसतं पाणी, ताक आणि पातळ पेज. फोडांची तीव्रता मोजायची जी ० ते ४ अशी पट्टी जागतिक आरोग्य संघटनेनं आखली आहे, तिच्यावर ही तिसरी पायरी. दहाव्या दिवशी रात्री अंग तापलं. घरात थर्मामीटर नव्हता. शेजारून आणला, १०१ निघाला. पॅरासिटामॉल दिली, घाम सुटला, ताप उतरला. मुलगा म्हणाला, सकाळी बघू.

सुनेनं तेवढ्यात कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. रात्रपाळीच्या सिस्टरनी सांगितलं, ‘गोळीनं ताप उतरला म्हणजे आतलं बरं झालं असं नव्हे. सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा.’ या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो सुनेनं घेतला. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा त्यावर ताप गेला की तो तातडीचा प्रसंग धरतात. कारण पांढऱ्या पेशी नसताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि तापाच्या गोळीनं तो नुसता झाकला जातो.

रक्त तपासलं तेव्हा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली होते. शिरेतून प्रतिजैविकं आणि सलाइन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी एका सिस्टरनी मोबाइलची बॅटरी लावून पहिल्यांदा तोंड नीट बघितलं. जिभेवर आणि टाळ्याला दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. पुसला की खाली लालभडक. ती बुरशी होती, कँडिडा. मधुमेह, मळमळीसाठी दिलेलं स्टेरॉइड आणि खाली गेलेल्या पेशी, तिन्ही तिला पोषकच. जिभेच्या कडेचा मोठा व्रण बरोबर तुटक्या दाढेसमोर. आणि हिरड्यांवर काळपट रेघ.

‘मावशी, मिश्री लावता काय?’
‘पूर्वी लावत होते.’
‘माझी आईबी लावत्याय. आज लावलासा?’

बराच वेळ उत्तर नाही. मग: ‘लावली की दुखायचं थांबतंय, बाई.’

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती फोडांवर चोळली जात होती आणि क्षणभर बधिर करत होती. आणखी एक धागा त्याच बोलण्यातून सुटला. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, अशी मावशींची तक्रार होती, आणि केमो सुरू झाल्यापासून ती वाढली होती. मळमळीवर दिल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं. म्हणजे मळमळ नसताना वाढवलेली गोळी पोट बांधत होती, पोटासाठी मिश्री वाढत होती आणि मिश्री फोडांवर जात होती.

समोरचे पर्याय

डोसचं काय करायचं हा डॉक्टरांपुढचा मोठा प्रश्न होता. डोस कमी केला तर तोंड सुसह्य होतं, पण ही केमो रोग परत येऊ नये म्हणून, पूर्ण बरं करण्याच्या उद्देशानं चालली होती. अशा वेळी पहिल्याच अडचणीला डोस उतरवायला डॉक्टर नाखूष असतात. डोस तोच ठेवून एक आठवडा पुढं ढकलायचा आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन जोडायचं, हा दुसरा मार्ग. मुलगा तिसरंच म्हणत होता: ‘केमोच बंद करा, आईचे हाल बघवत नाहीत.’ त्याच्याशी डॉक्टर बराच वेळ बोलले. हाल केमोचे आहेत हे खरं, पण त्यातले निम्मे टाळता येण्यासारखे आहेत आणि ते टाळायचा प्रयत्न अजून झालेलाच नाही, हे त्याला पटायला वेळ लागला.

नाकातून नळी घालून अन्न देण्याचा विषयही निघाला. तिसऱ्या दिवशी पातळ पदार्थ नीट गिळता यायला लागले, तेव्हा तो मागं पडला.

दाढ काढायची की ठेवायची? काढली तर ओली जखम आणि पुढचा डोस तोंडावर. दंतवैद्यानं पेशी वर आल्यावर फक्त धारदार कड घासून गुळगुळीत करायची आणि काढणं केमो संपेपर्यंत लांबवायचं असं सुचवलं. मिश्रीबाबत ‘आजपासून बंद’ असं फर्मावणं सोपं होतं, पण मग त्या परत लपवून लावू लागल्या असत्या.

काय केलं

तिसरा डोस एक आठवडा पुढं गेला. मात्रा तीच, जोडीला पेशी वाढवणारं इंजेक्शन. बुरशीवर औषध, दाढेची कड घासली, पोटासाठी लॅक्टुलोजचं सिरप. मिश्रीबद्दल सिस्टरांनी मालक नसताना बोलणं केलं: फोड असतील त्या दिवसांत अजिबात नाही, इतर दिवशी जितकी टळेल तितकी टाळायची, आणि लावली तर सांगायची. पोट साफ व्हायला लागल्यावर सकाळची मिश्री आपसूक सुटली. संध्याकाळची सुटायला पुष्कळ दिवस गेले.

तोंडाची निगा साधी, पण रोजची. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा (धुण्याचा नव्हे, हे सुनेला दोनदा सांगितलं). हे पाणी रोज ताजं करायचं. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना तोंडात घोळवून थुंकायचं. ब्रश लहान मुलांचा, मऊ, तोही कोमट पाण्यात भिजवून. झोंबणारा, अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद. ओठांना व्हॅसलीन. जेवणाआधी लावायला तोंड बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल मिळालं, त्याबरोबर एक ताकीदही: घसा बधिर असताना गरम काही घ्यायचं नाही, भाजलेलं कळत नाही.

तिसऱ्या डोसला बर्फ करून बघितला. औषध शिरेत जायच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे घोळवायचे, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. ५-फ्लुरोयुरासिल हे केमोचं दुसरं एक औषध एकदम शिरेत देतात तेव्हा याचा उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे. डॉक्सोरुबिसिनला तितका नाही, पण तेही थोड्या वेळात दिलं जातं आणि धोका काही नाही, म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं. (ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मात्र हे करू नये, त्यात थंडाचाच त्रास होतो.) बर्फ घरी उकळलेल्या पाण्याचा, थर्मासमधून. मुलगा दवाखान्याबाहेरच्या रसवंतीतून आणायला निघाला होता, त्याला थांबवलं.

खाण्याचे दोन भाग पाडले, आणि सुनेला खरा दिलासा यातच मिळाला. डोसनंतरचा दुसरा आठवडा फोडांचा: चटणी, खर्डा, लिंबू, टोमॅटो, भडंग, भाकरीचा कडक पापुद्रा सगळं बंद. मऊ गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचं पातळ वरण, नाचणीची गार आंबील, वाफेवर मऊ, पण पूर्ण शिजवलेलं अंडं, पनीर कुस्करून, घरचं गोड दही. सगळं कोमट किंवा गार. त्यानंतरचा आठवडा बेचवपणाचा: फोड भरून आलेले, पण जिभेला काही कळत नाही. तेव्हा आंबट चालतं, थोडं आलं, पुदिना, कोथिंबीर चालते. स्टीलचा चमचा-वाटी बाजूला ठेवून चिनी मातीची बशी आणि प्लॅस्टिकचा चमचा दिला. तोंडातला लोखंडी वास त्यानं पूर्ण जात नाही, पण निदान वाढत नाही. फोडणी द्यायच्या वेळी मावशींनी बाहेरच्या सोप्यात बसायचं.

प्रथिनांचा हिशेब किलोमागं रोज एक ते दीड ग्रॅमचा, म्हणजे मावशींना ५५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७. हे आकडे सांगितल्यावर मुलाचं ‘दोन घास खा’ थांबलं. त्याऐवजी तो ‘सकाळपासून अंडं झालं का?’ एवढंच विचारायला लागला.

दुधावरून मात्र मामांशी (मालकांना, म्हणजे सासऱ्यांना, सून मामाच म्हणते) वाद झाला. ते रोज पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध आणायचे, ‘ताकद भरून येते’ म्हणून. पेशी कमी असताना कच्चं दूध द्यायचं नसतं, ते कितीही ताजं असो. तोडगा निघाला तो असा: दूध त्याच म्हशीचं, पण घरी उकळून. ‘उकळल्यावर धारोष्ण कसलं?’ असं पुटपुटत ते आणत राहिले.

अळणीचा प्रयोग मात्र साफ फसला. तिखट नको तर मटणाचं अळणी पाणी, यापेक्षा चांगलं काय, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मावशींनी वाटी नाकाजवळ नेली आणि ठेवून दिली. केमोत मांस कडवट किंवा लोखंडासारखं लागणं फार नेहमीचं आहे. मटणाचा नाद सोडला आणि अंडी, दही, पनीर, डाळीवर भर दिला.

मसाल्याचा प्रश्न तसाच होता. मावशी अधूनमधून चुलीपुढं उभ्या राहायच्या आणि मीठ दुप्पट पडायचं. घरचे गुमान खायचे. एके दिवशी नात म्हणाली, ‘आज्जी, पिठलं लई खारट हाय.’ मावशी उठून गेल्या आणि चार दिवस स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत. ऑर्डरी रद्द कराव्यात असं मुलाचं मत होतं. सुनेनं वेगळं काढलं. मावशी खुर्चीत बसून हातानं ‘एवढी ब्याडगी, एवढी लवंगी’ असे ढीग लावायच्या, आणि ती प्रत्येक ढीग तराजूत घालून वहीत लिहायची. भाजायचं काम शेजारणीच्या गच्चीवर, मिरचीच्या खाटानं (ठसका लावणाऱ्या धुरानं) मावशींच्या तोंडाला आणि घशाला त्रास नको म्हणून. चाखायला सून. ऑर्डरी नेहमीपेक्षा कमीच घेतल्या.

परिणाम

तिसऱ्या आणि चौथ्या डोसला तोंड आलं, पण लाली आणि हुळहुळण्यापलीकडं गेलं नाही. त्यात बर्फाचा वाटा किती, दाढेचा किती आणि मिश्री टळल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, सगळं एकदमच बदललं होतं. पुन्हा ताप नाही. वजन ५३ पर्यंत उतरून तिथं थांबलं.

पॅक्लिटॅक्सेलच्या आठवड्यांत फोड जवळजवळ नव्हते, पण चव आणखी बिघडली आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. एका मैत्रिणीनं झिंकच्या गोळ्या आणून दिल्या. चव परत येण्यासाठी झिंकचा उपयोग होतो का, याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या नाहीत.

शेवटच्या डोसनंतर दोनेक महिन्यांत चव हळूहळू परतली. आधी चहा चहासारखा लागला, मटण सगळ्यांत शेवटी. दाढ त्यानंतर काढली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या डोसआधी दंतवैद्याला दाखवणं. शस्त्रक्रिया आणि केमो यांच्या मधे काही आठवडे होते, आणि कड घासायला एक भेट पुरली असती. पहिल्या डोसनंतर सातव्या-आठव्या दिवशी दवाखान्याकडूनच फोन गेला असता, तर फोड तेव्हाच कळले असते. घरच्यांनी आपणहून फोन करावा ही अपेक्षा मला फारशी व्यवहार्य वाटत नाही. तोंड आलं म्हणून डॉक्टरांना फोन करायची आपल्याकडं सवय नाही.

मिश्रीचा प्रश्न बाईनं, बाईला, घरचे पुरुष नसताना आणि ‘मिश्री’ असंच नाव घेऊन विचारायला हवा. तंबाखू म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं.

थर्मामीटर औषधांच्या पहिल्याच चिठ्ठीवर लिहायला हवा होता.

डोस कमी न करण्याच्या निर्णयावर अजूनही दोन मतं निघू शकतात. तिसऱ्या डोसला परत तिसऱ्या पायरीचे फोड आले असते तर मात्रा उतरवायची, हे डॉक्टरांनी आधीच फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि मुलालाही सांगितलं होतं. चौथ्या डोसला तो आपणहून केमोच्या तारखेची आठवण करून द्यायला लागला होता.

नणंदेला कुणी काही समजावलं नाही. सुनेचं म्हणणं, तेवढं एक तरी डॉक्टरांनी करायला पाहिजे होतं.